गावाचे नाव घेतलेला वैद्य : मोरित्स कापोसी

आमच्या गोमंतकात माणूस कोठेही जावो, त्याचे गाव त्याच्या नावामागून चालत येते. मुंबईच्या चाळीत जन्मलेला आणि पेडणे उभ्या जन्मात न पाहिलेला मुलगाही शाळेच्या हजेरीपटावर पेडणेकर म्हणूनच चढतो. हंगेरियन भाषेत आपल्या 'कर' या प्रत्ययाचे काम एक इवलासा इकार करतो. कापोश नदीच्या काठचा तो कापोशी. जगातील वैद्यकाच्या प्रत्येक मोठ्या ग्रंथात ज्यांचे नाव आढळते, त्या मोरित्स कापोसी यांचे आडनाव असे एका नदीकाठच्या गावावरून आलेले आहे. मूळ उच्चार कापोशीच्या जवळचा. परंतु इंग्रजीच्या वळणाने सर्वत्र कापोसी हाच रूढ झाला असल्याने आम्हीही तोच स्वीकारतो. हे आडनाव त्यांना वडिलांकडून मिळाले नव्हते. ते त्यांनी भर तारुण्यात स्वतःच्या हाताने घेतले. का घेतले, ती हकीकत पुढे येईल.

या वैद्याची आणि आमची गाठ कशी पडली, तेही सांगितले पाहिजे. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. शरीरशास्त्राशी आमचा संबंध पडसे-खोकल्यापुरताच. गेल्या वर्षी नववीच्या वर्गात एका विद्यार्थ्याने विचारले की, दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवून माणूस बरा होतो, तर मग त्यास जन्मभर गोळ्या कशासाठी घ्याव्या लागतात? त्याच्या घरातीलच कोणी तशा गोळ्या घेत होते, हे आम्हास मागाहून कळले. भाषेच्या तासाला आलेला तो प्रश्न आम्ही विज्ञानाच्या सहकाऱ्याकडे सोपवून मोकळे होऊ शकलो असतो. पण मनास ते रुचले नाही. वाचू लागलो, आणि वाचता वाचता दीडशे वर्षांपूर्वीच्या व्हिएन्ना नगरीतील एका रुग्णालयाच्या दाराशी येऊन ठेपलो.

मोरित्सचा जन्म 23 ऑक्टोबर 1837 रोजी हंगेरीतील कापोश्वार या गावी एका गरीब ज्यू कुटुंबात झाला. घराण्याचे आडनाव कोन. हंगेरी त्या वेळी ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग सम्राटांच्या अमलाखाली होता, आणि त्या साम्राज्यातील हुशार, महत्त्वाकांक्षी मुलाचे डोळे राजधानीकडे लागलेले असत. 1856 साली मोरित्स वैद्यक शिकण्यासाठी व्हिएन्नाच्या विद्यापीठात दाखल झाला व 1861 साली वैद्यकाचा पदवीधर होऊन बाहेर पडला.

त्या काळचे व्हिएन्ना ही वैद्यकाची काशी होती. रोकिटान्स्की हे शवविच्छेदनाने मृत्यूची कारणे उलगडून दाखवीत होते. श्कोडा छातीवर कान ठेवून फुफ्फुसातील बिघाड ओळखण्याचे शास्त्र शिकवीत होते. आणि त्याच मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात फेर्डिनांड हेब्रा नावाचे गृहस्थ, ज्यांच्याकडे कोणी फिरकू नये अशा रोग्यांत रमले होते. खरूज, गजकर्ण, नाना तऱ्हेचे चट्टे आणि व्रण यांचे हे रोगी. त्वचेचा रोग म्हणजे आतील दूषित रसांचा बाहेर पडलेला उद्रेक, ही समजूत तेव्हा सार्वत्रिक होती. खरूज ही कोणत्याही आतल्या रसाने होत नसून एका सूक्ष्म किड्याने होते, आणि किडा मेला की खरूजही जाते, हे हेब्रांनी ठामपणे प्रस्थापित केले. तेव्हापासून त्वचा हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरला. बाळंतिणींना होणारा घातक ज्वर वैद्याच्या अस्वच्छ हातांनी पसरतो, असे सांगणाऱ्या सेमेलव्हाइसची बाजू सुरुवातीस ज्या थोड्यांनी छापून मांडली त्यांतही हेब्रा होते. मोठी पंगत सोडून एकट्याच्या पानाशी जाऊन बसणारा हा माणूस होता.

अशा गुरूच्या हाताखाली तरुण कोन येऊन दाखल झाला. रोग्याच्या अंगावरील एकही ठिपका न सोडता पाहणे, त्याचा रंग, आकार, कठीणपणा आणि तो कोणत्या क्रमाने उमटला हे टिपणे, आणि रोगी दगावल्यास तोच ठिपका सूक्ष्मदर्शकाखाली नेऊन पुन्हा पाहणे, ही त्या चिकित्सालयाची शिस्त होती. कोन त्या शिस्तीत इतका मुरला की हेब्रांच्या अनेक नामवंत शिष्यांत त्याचे नाव पुढे येऊ लागले. 1869 साली त्याने हेब्रांची कन्या मार्था हिच्याशी विवाह केला. तत्पूर्वी ज्यू धर्म सोडून त्याने कॅथलिक पंथाची दीक्षा घेतली होती. आणि 1871 साली कोन हे आडनाव टाकून तो आपल्या जन्मगावावरून कापोसी झाला.

या तीन गोष्टींकडे लोकांनी बोट दाखविले नसते तरच नवल. गुरूची कन्या, राजधर्म आणि नवे नाव, तिन्ही अवघ्या दोन-तीन वर्षांत पदरात पडल्यावर हा मनुष्य शिडी चढण्यासाठीच हे सारे करीत आहे, असे मागून बोलणारे निघालेच. नाव बदलण्याचे कारण मात्र असे सांगतात की, व्हिएन्नाच्या वैद्यकवर्तुळात कोन नावाचे इतके जण होते की कोणाचा निबंध कोणाच्या नावावर जमा होईल याचा नेम नव्हता. आम्हास यात निवाडा करावासा वाटत नाही. 1867 च्या कायद्याने त्या साम्राज्यात ज्यूंना समान हक्क मिळाले होते खरे; परंतु कायद्याने उघडलेली दारे माणसे हळूहळू उघडतात. आमच्या गोव्यात एकाच घराण्याच्या दोन शाखा दोन धर्मांत आणि दोन नावांनी नांदताना आम्ही पाहतो. त्यांतील कोणत्या पूर्वजाने काय मनात आणून पाऊल उचलले हे आज कोण सांगणार? एवढे मात्र ध्यानात घेण्याजोगे आहे की, नवे नाव घेताना या माणसाने एखादे भारदस्त जर्मन नाव घेतले नाही. सोडून आलेल्या गरीब गावाचेच नाव घेतले.

आणि त्या नावाने पुढच्याच वर्षी इतिहासात प्रवेश केला. 1872 साली कापोसींनी पाच रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. पाचही पुरुष, पाचही चाळिशी उलटलेले. त्यांच्या पावलांवर, आणि पुढे हातांवर, तपकिरी-तांबूस व निळसर-जांभळे डाग उठले. डागांच्या गाठी झाल्या. त्या वाढत, सरकत वर चढल्या. रोगी खंगत गेले. त्यांतील एकाच्या शवविच्छेदनात फुफ्फुसांत आणि अन्नमार्गातही तशाच गाठी आढळल्या. म्हणजे त्वचेवर दिसले ते हिमनगाचे टोक होते. रोग आतवर पसरला होता. हे रंगीत मांसार्बुद आपोआप, ज्ञात कारणावाचून, अनेक जागी एकदम उद्भवते, असे नाव कापोसींनी त्यास दिले. रोग असाध्य आहे आणि दोन-तीन वर्षांत मृत्यू ठरलेला आहे, असे त्यांनी नोंदविले. वीस वर्षांच्या आत, 1891 साली, क्योब्नर या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने हा रोग कापोसींच्याच नावाने ओळखावा अशी सूचना केली व ती कायम झाली.

येथे थोडे थांबून त्या नोंदीकडे पाहू. तिच्यातील वर्णन इतके नेमके होते की शंभर वर्षांनंतरच्या वैद्यास आपल्या समोरील रोगी त्यात ओळखता आला. निदान मात्र सर्वस्वी बरोबर नव्हते. भूमध्य समुद्राच्या परिसरातील व पूर्व युरोपातील वृद्ध पुरुषांत हा रोग बहुधा संथ असतो आणि रोगी तो अंगावर बाळगून वर्षानुवर्षे जगतो, हे मागाहून दिसून आले. पाच रोग्यांवरून काढलेला निष्कर्ष पाच रोग्यांएवढाच. आपोआप उद्भवणारा, हा शब्दही टिकला नाही. पण ज्याचे कारण हाती लागत नाही त्यास ओढूनताणून कारण चिकटविण्यापेक्षा कारण ज्ञात नाही असे लिहून ठेवणे बरे. आणि कापोसींनी तेच केले. पुढच्यांना जागा रिकामी सापडली.

बाकीची कारकीर्द भराभर सांगता येईल. त्याच सुमारास ल्युपस या त्वचारोगाविषयी लिहिताना, हा केवळ गालावरचा चट्टा नसून ज्वर, सांधे, फुफ्फुसे यांच्यासह साऱ्या शरीराचा रोग होऊ शकतो, हे त्यांनी दाखविले. सूर्यप्रकाशाने ज्यांची कातडी बालपणीच म्हाताऱ्यासारखी कोरडी, ठिपकेदार होते आणि पुढे तीत गाठी होतात, अशा दुर्दैवी मुलांचा रोगही प्रथम त्यांनीच ओळखून त्याचे वर्णन केले. तो रोग आनुवंशिक आहे हे आज आपणास माहीत आहे. गुरूचा अपुरा राहिलेला मोठा ग्रंथ त्यांनी 1876 साली पुरा केला. 1875 साली प्राध्यापकपद मिळाले. 1880 साली हेब्रा वारले आणि 1881 साली त्यांचे चिकित्सालय जावयाच्या हाती आले. मागून बोलणाऱ्यांना पुन्हा एकदा विषय मिळाला असेल. परंतु 1880 साली प्रसिद्ध झालेली कापोसींची त्वचारोगांवरील व्याख्याने लवकरच फ्रेंच भाषेत गेली, पुढे इंग्रजीत गेली, आणि देशोदेशींचे तरुण वैद्य व्हिएन्नास त्यांच्या वर्गात येऊन बसू लागले. जावई म्हणून खुर्ची मिळेल. परदेशचे विद्यार्थी मिळत नाहीत. 6 मार्च 1902 रोजी व्हिएन्नातच त्यांचे निधन झाले. वय चौसष्ट.

येथे चरित्र संपावयास हवे. परंतु कापोसींचे नाव त्यांच्या मृत्यूनंतरच खऱ्या अर्थाने जगाच्या तोंडी झाले, आणि तेही मोठ्या दुःखाच्या प्रसंगाने. 3 जुलै 1981 रोजी अमेरिकेच्या आरोग्यखात्याच्या साप्ताहिकात न्यूयॉर्क व कॅलिफोर्निया येथील 26 समलिंगी पुरुषांची माहिती छापून आली. ज्या रोगाचे रोगी वैद्याने आयुष्यात एखाद-दुसरे पाहावेत, तो कापोसींचा रोग या धडधाकट वयाच्या पुरुषांना झाला होता, आणि तो संथही नव्हता. एड्सच्या महासाथीची ती पहिली पावले होती. चेहऱ्यावर, मानेवर उमटणारे ते जांभळे डाग म्हणजे समाजाने वाचावयाची जाहीर पाटीच झाली. माणसे ते डाग लपवू लागली, आणि शेजारी ते शोधू लागले. कातडीवरच्या डागापायी घराबाहेर पडावे लागलेल्या महारोग्यांची आठवण आपल्याकडील वाचकास येथे झाल्यावाचून राहणार नाही.

मात्र या रोगाचा धागा त्याआधीच दुसऱ्या एका ठिकाणी दिसू लागला होता. परके मूत्रपिंड शरीरात बसविले की शरीराचे रक्षक, म्हणजे रक्तातील पांढऱ्या पेशी, त्यावर तुटून पडतात. त्यांना आवरण्यासाठी औषध द्यावे लागते, आणि मूत्रपिंड जोवर चालवावयाचे तोवर द्यावे लागते. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे. पण रक्षकांना झोपविले की घरात पूर्वीपासून लपून बसलेला चोर उठतो. आरोपण झालेल्या काही थोड्या रोग्यांच्या अंगावर कापोसींचे डाग उठू लागले. एड्समध्ये रक्षकच मारले जातात. येथे ते औषधाने निजविलेले असतात. चोर मात्र एकच.

तो कोण, हे 1994 साली कळले. युआन चँग व पॅट्रिक मूर या न्यूयॉर्कमधील शास्त्रज्ञ दांपत्याने रोग्याच्या गाठीतील आणि त्याच रोग्याच्या निरोगी भागातील आनुवंशिक द्रव्य एकमेकांपुढे ठेवून, जे गाठीत आहे पण निरोगी भागात नाही तेवढेच वेगळे काढले. उरले ते एका नव्या विषाणूचे तुकडे होते. नागिणीचा विषाणू ज्या हर्पीझ कुळातील, त्याच कुळातील मनुष्यास होणारा हा आठवा. निरोगी माणसाच्या शरीरात तो बहुधा जन्मभर मुकाट राहतो. आफ्रिकेच्या काही भागांत आणि भूमध्य समुद्राकाठी तो बराच आढळतो. आपल्या देशात त्याचा प्रसार कमी असल्याने हा रोगही येथे अगदी विरळ आहे. कापोसींनी रिकामी सोडलेली कारणाची जागा अशी एकशे बावीस वर्षांनी भरली गेली.

कारण कळले म्हणजे उपाय कळतोच असे नाही. एड्सच्या रोग्यांत, 1996 च्या सुमारास विषाणूवरील संयुक्त औषधे आल्यावर शरीराचे रक्षक पुन्हा जागे होऊ लागले आणि अनेकांचे डागही मावळू लागले. ज्यांचे मावळत नाहीत त्यांच्यासाठी पेशीनाशक औषधे आहेत. 2020 साली अमेरिकेत पोमॅलिडोमाइड नावाच्या औषधास या रोगाकरिता मान्यता मिळाली. हे औषध ज्या थॅलिडोमाइडपासून निघाले, त्याने 1960 च्या आसपास हजारो बालके जन्मतः व्यंग घेऊन आली होती. तेवढ्या बदनाम घराण्यातून उपयोगी वंशज निपजावा, हे आम्हा कलाशाखेच्या माणसास एखाद्या कादंबरीहून अधिक विलक्षण वाटते.

पण आरोपण झालेल्या रोग्याचे काय? त्याची कोंडी निराळीच आहे. रक्षकांना आवरणारे औषध चालू ठेवावे तर गाठी वाढतात. ते कमी करावे किंवा थांबवावे तर गाठी ओसरतात, परंतु रक्षक मूत्रपिंडावर तुटून पडतात. ते मूत्रपिंड बहुधा आईने, भावाने, पत्नीने आपल्या देहातून काढून दिलेले असते, अथवा एखाद्या शोकाकुल कुटुंबाने आपल्या गेलेल्या माणसाचे दिलेले असते. प्राण वाचवावा तर दान वाया जाते, अशी ही अडचण. कित्येक वर्षे वैद्यांपुढे याखेरीज मार्ग नव्हता.

मार्ग निघाला तो मातीतून. 1964 साली कॅनडातील एक पथक पॅसिफिक महासागरातील ईस्टर बेटावर गेले होते. त्याने तेथील मातीचे नमुने आणले. त्या मातीतील एका जिवाणूने तयार केलेले द्रव्य माँट्रिएल येथील प्रयोगशाळेत वेगळे करण्यात आले व बेटाच्या स्थानिक नावावरून त्यास रॅपामायसिन म्हणू लागले. या कामातील प्रमुख शास्त्रज्ञ सुरेन सेहगल हे अखंड हिंदुस्थानातील पंजाबात जन्मलेले. मध्यंतरी कंपनीने हे काम गुंडाळले, तेव्हा त्यांनी तो जिवाणू आपल्या घरच्या शीतपेटीत खाद्यपदार्थांशेजारी जपून ठेवला अशी हकीकत आहे. प्रथम बुरशीवरील औषध म्हणून ज्याकडे पाहिले गेले ते द्रव्य शरीराच्या रक्षकांना आवरते असे आढळले, आणि 1999 साली मूत्रपिंड आरोपणासाठी सिरोलिमस या नावाने त्यास मान्यता मिळाली.

त्याची खुबी अशी. पेशीस वाढ, असा आदेश देणारी एक कळ पेशीच्या आत असते. पांढऱ्या पेशी मूत्रपिंडावर चाल करण्यासाठी आपली संख्या वाढवितात, तेव्हा त्यांना ही कळ लागते. आणि कापोसींच्या गाठीतील विषाणू पेशींना वाढावयास लावतो तोही याच कळीच्या द्वारे. रॅपामायसिन नेमके त्या कळीवर जाऊन बसते. साऱ्या शरीरावर विषाचा वर्षाव करणाऱ्या जुन्या औषधांच्या मानाने हा रामबाणच म्हणावयाचा. आणि एकाच बाणाने दोन लक्ष्ये विंधिली जातात. रक्षकही आवरले जातात, गाठही आवरली जाते. त्याचे स्वतःचे उपद्रव आहेत, आणि पुढील अनुभवात प्रत्येक रोग्यास सारखाच गुण आला असे नाही.

2005 साली इटलीतील बारी येथील वैद्यांनी पंधरा रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. कापोसींची पाच होती, ही पंधरा. सर्वांना परके मूत्रपिंड बसविलेले, आणि सर्वांच्या त्वचेवर 1872 च्या त्या निबंधात वर्णिलेले डाग. त्यांची जुनी औषधे थांबवून सिरोलिमस सुरू करण्यात आले. एकाही रोग्याचे मूत्रपिंड शरीराने झिडकारले नाही. तीन महिने पुरे झाले तेव्हा पंधरांपैकी कोणाच्याही त्वचेवर डाग उरला नव्हता.